घारापुरीची वाइन चाखायची कशी?

वाइनची पारख करणारे आधी रंग बघतात, मग वास घेतात, मग घोट. आपल्याकडे मात्र नुसती खापरं आहेत. घारापुरीला अँफोरांचे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून वाइन, तेल वगैरे आणणाऱ्या दोन कानांच्या रांजणांचे, तुकडे सापडलेत. मग लिहून टाकायचं का, 'रायगडच्या किनाऱ्यावर इटलीची वाइन यायची'? थांबा जरा.

पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ वाइनची चक्क प्रतवारी देतो: पसंती इटलीच्या वाइनला, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. पण ही यादी भडोच बंदराची आहे. सेमिल्ला, म्हणजे बहुतेकांच्या मते आपलं चौल, त्याचं नुसतं नाव येतं. भडोचची यादी चौलला चिकटवू नका. (पहिल्या मसुद्यात मी तेच केलं होतं.)

म्हणून पुन्हा खापराकडे या. रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातली 'रोमन' खापरं नव्याने तपासली, तेव्हा त्यातली बरीच मेसोपोटेमियाकडच्या 'टॉर्पेडो' रांजणांची निघाली. हे रांजण बिनकानांचे, आतून नैसर्गिक डांबर फासलेले. घारापुरीत दोन्ही प्रकार मिळतात. तेव्हा आतली बाजू बघा, डांबर आहे का? मातीही बघा, व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या अँफोरांत ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे कण दिसतात.

आणि लाल की पांढरी? ते नजरेला कळत नाही. टार्टारिक आम्लाचा अंश मिळाला तर द्राक्षापर्यंत पोचता येतं, पण त्यासाठी तुकडा न धुतलेला बरा. आणि उत्खननात खापर आधी जातं ते पाण्याच्या बादलीत.