ऊन, औषध आणि देहाचे वजन : सोरायसिसच्या जोडउपचाराचा इतिहास

१/ सती नदीकाठचे कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. येथे उन्हाला तोटा नाही. तरीही सोरायसिसच्या रुग्णाला ‘प्रकाशोपचार’ हवा असेल, तर सहसा दूरच्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. असे का, हे कळण्यासाठी बरेच मागे जावे लागेल.

२/ चरकसंहितेत श्वित्रावर, म्हणजे पांढऱ्या डागांवर, औषध घेऊन उन्हात बसण्याचा विधी आहे. आयुर्वेदाने याच रोगावर बावचीही वापरली. तिच्या बियांत सोरालेन असते. ते त्वचेला अतिनील किरणांबाबत संवेदनशील करते. इजिप्तमध्ये १९४०च्या दशकात अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी अशाच गुणाच्या दुसऱ्या वनस्पतीवर आधुनिक प्रयोग केले. हे सारे सोरायसिससाठी नव्हते. मात्र औषध आणि प्रकाश यांची जोडी तेव्हापासूनची.

३/ सोरायसिसला स्वतःची ओळखच उशिरा मिळाली. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी त्याला कुष्ठरोगापासून निर्णायकपणे वेगळे काढले. ज्या चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात बाबा आमटे यांना वरोऱ्याजवळ आनंदवन उभारावे लागले, तेथे हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. पण अंगावरच्या खपल्या पाहून दूर सरकणाऱ्यास हे कोण सांगणार?

४/ १९०३ मध्ये नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नोबेल मिळाले. १९२५ मध्ये अमेरिकेत विल्यम गोकरमन यांनी डांबराचा लेप आणि अतिनील किरण एकत्र आणले. १९७४ मध्ये सोरालेनची गोळी व किरण यांची ‘पुवा’ पद्धत आली. दीर्घ वापरात तिच्यामुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे पुढे दिसले. मग ३११ नॅनोमीटरभोवतीचा अरुंद पट्टा पुढे आला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे : सूर्य सगळेच किरण एकदम देतो, त्याची मात्रा मोजून देता येत नाही.

५/ २००३ पासून बायोलॉजिक औषधे आली. सजीव पेशींत घडवलेली ही प्रथिने रोगप्रतिकार यंत्रणेचा नेमका एखादा दुवा अडवतात. भारतात २०१३ मध्ये बंगळूरच्या बायोकॉनने इटोलिझुमॅब बाजारात आणले. त्याचे मूळ संशोधन क्यूबातील हवानाचे.

६/ आता वजन. स्थूल देहात तीच मात्रा विरळ होते, शिवाय मेदपेशी स्वतःच दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात. उस्टेकिनुमॅबची मात्रा म्हणूनच १०० किलोपर्यंत ४५ मिलिग्रॅम आणि त्यापुढे ९० मिलिग्रॅम ठरली. एटानरसेप्टची मात्रा मात्र प्रौढांसाठी वजनानुसार बदलत नाही. मग उणीव किरणांनी भरून निघेल का?

७/ २००८ मध्ये एटानरसेप्ट आणि अरुंद पट्ट्याचे किरण एकत्र दिलेल्या रुग्णांचे निष्कर्ष फार आशादायक दिसले. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. २०१३ मध्ये केवळ स्थूल रुग्णांवर लहानशी तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. किरणांची जोड मिळालेला गट दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. चाचणी लहान होती, त्यामुळे दार बंद झाले असे म्हणता येत नाही. पण ‘दोन उपाय म्हणजे दुप्पट गुण’ हे गृहीतक तेथे टिकले नाही. वजन घटवल्याने औषधाचा गुण वाढतो, याचे पुरावे मात्र आहेत. त्याची जाहिरात कोणी करत नाही, एवढेच.

८/ गडचिरोलीत आणखी दोन गोष्टी आड येतात. एटानरसेप्टसारख्या औषधांनी शरीरात दबलेला क्षय उसळू शकतो, म्हणून आधी तपासणी लागते. हा जिल्हा मलेरियाचाही. आणि मलेरियावरचे क्लोरोक्विन काहींचा सोरायसिस भडकवते. म्हणजे तापाची गोळी देताना त्वचेचीही चौकशी हवी.

९/ किरणोपचार साधारणतः आठवड्यातून तीनदा घ्यावा लागतो. दहा आठवड्यांच्या तीस खेपा. बायोलॉजिकला खेपा कमी, किंमत जबर. जोडउपचारात दोन्ही द्यावे लागतात, आणि तीस खेपा म्हणजे तीस दिवसांची मजुरी. त्यातल्या काही धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आल्या, तर उपचार कुठे तुटेल हे कुरखेड्यात कोणालाही सांगता येईल.