बर्मी अजगर (फ्लोरिडातील आक्रमण)

आग्नेय आशियातील हा अजगर पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून अमेरिकेत गेला. सुटलेले व सोडून दिलेले अजगर २००० च्या सुमारास फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पक्के रुजले. मादी एका वेळी ५० हून अधिक अंडी घालू शकते; त्यांभोवती वेटोळे घालून, अंगाचे स्नायू थरथरवत ती त्यांना ऊब देते. २०१२ च्या अभ्यासात रस्त्यांवर दिसणारे रॅकून ९९ टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले. अ‍ॅलिगेटर, बॉबकॅट, पँथर या मूळच्या शिकाऱ्यांच्या तोंडचा घास अजगरांनी असा पळवला. त्याच वर्षी आयातीवर बंदी आली, उशिराच म्हणायची.

इकडे विदर्भातील वर्धा जिल्ह्यात मात्र अजगर म्हणजे भारतीय अजगर. तो बर्मी अजगराचा जवळचा भाऊबंद, पण विदर्भाचा मूळ रहिवासी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असून त्याला मारणे गुन्हा आहे.