प्रवाळ विरंजन

मुख्यतः समुद्राच्या पाण्याचे तापमान वाढल्यामुळे जिवंत प्रवाळांचा रंग जाऊन ते पांढरे पडण्याच्या प्रक्रियेस प्रवाळ विरंजन म्हणतात. हवामान बदलाचा हा एक ठळक सागरी परिणाम आहे.

कारणे

प्रवाळांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाले राहतात. प्रवाळांना बहुतांश अन्न आणि रंग त्यांच्यापासून मिळतो. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा सुमारे १ °से.ने काही आठवडे अधिक राहिल्यास प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतात व आतील चुनखडीचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाहीत. पाणी लवकर थंड झाल्यास शैवाले परततात. अन्यथा उपासमारीने व रोगांमुळे प्रवाळ मरतात. हरितगृह वायूंमुळे साठणाऱ्या अतिरिक्त उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के उष्णता महासागर शोषून घेतात. एल निनोच्या काळात विरंजनाची तीव्रता वाढते.

परिणाम

प्रवाळभित्तींनी समुद्रतळाचा १ टक्क्याहून कमी भाग व्यापला असला, तरी सुमारे एक चतुर्थांश सागरी जाती त्यांवर अवलंबून आहेत. लक्षद्वीप बेटे प्रवाळांपासूनच बनलेली असून तेथे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठे विरंजन झाले. तेथील मच्छीमार ट्यूना मासे गळाने पकडतात. त्यासाठी लागणारे आमिषाचे छोटे मासे भित्तीलगतच्या उथळ पाण्यात मिळतात. भित्ती लाटांचा जोरही अडवते. मृत भित्ती झिजत गेल्यास बेटांच्या किनाऱ्याची धूप वाढते.

भवितव्य

भित्ती सावरण्यास अनेक वर्षे लागतात. मात्र दोन विरंजनांमधील अंतर कमी होत आहे. आयपीसीसीच्या २०१८ च्या अहवालानुसार जागतिक तापमानवाढ १.५ °से. झाल्यास ७० ते ९० टक्के, तर २ °से. झाल्यास ९९ टक्क्यांहून अधिक प्रवाळ नष्ट होण्याची शक्यता आहे.