अण्णांचं पुस्तक, एकच प्रत

परवा दुपारी कुरिअरवाला एक पातळसं पाकीट देऊन गेला. आत अण्णांचं पुस्तक होतं. एकच प्रत, चार दिवसांपूर्वी छापलेली. ज्या नातेवाइकांनी अण्णांना पाहिलंय त्यांना हे विचित्र वाटेल, कारण पुस्तक १९६८ सालचं आणि अण्णा जाऊनही (१९७१) आता कितीतरी वर्षं झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, कोयनेच्या खोऱ्यात प्राथमिक शिक्षक होते. धरण झालं, शिवसागर जलाशय भरला आणि त्यांची शाळा, गाव, शेतं सगळं पाण्याखाली गेलं. माणसं कुणी ठाण्याकडे, कुणी कुलाब्याकडे, कुणी सोलापूरकडे पांगली. अण्णा सुट्ट्यांमध्ये एस.टी.नं त्यांच्या नव्या पत्त्यांवर जायचे आणि विचारून विचारून लिहून घ्यायचे. कुणाच्या घराला लागून कुणाचं घर होतं, कुठल्या शेताला काय म्हणायचे, पालखीला पहिला खांदा कुणाचा. त्याची ९६ पानं झाली. बुडालेल्या एवढ्याशा गावाचं पुस्तक कुठला प्रकाशक काढणार? अण्णांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज घेतलं आणि कऱ्हाडच्या एका ट्रेडल छापखान्यात ५०० प्रती छापून घेतल्या.

५००च का? हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा, कारण त्यातल्या सव्वातीनशे-साडेतीनशे आमच्या माळ्यावर ट्रंकांत होत्या. उत्तर खूप उशिरा कळलं. तेव्हा एकेक खिळा जुळवून पान तयार करायचे. जुळणीचा खर्च पाच प्रतींना तेवढाच आणि पाचशेंना तेवढाच. फर्मा छापून झाला की खिळे सोडवून परत खान्यांत टाकायचे, कारण छापखान्याला पुढच्या लग्नपत्रिकेसाठी ते लागायचे. म्हणजे नंतर पन्नास प्रती हव्या असल्या तर सगळं पुन्हा जुळवा. त्यामुळे लेखकाला सुरुवातीलाच अंदाज बांधावा लागायचा, की आपल्याला वाचक किती. अण्णांचा अंदाज चुकला. ज्यांच्यासाठी लिहिलं ती माणसं नव्या जागी दगडगोटे वेचून शेतं तयार करत होती. पुस्तक कुठून घेणार?

मग वाळवी, पावसाळे, घर बदलणं... असो.

या निमित्तानं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. हा अंदाज बांधायचा प्रकार छपाईबरोबर आला. त्याआधी आपल्याकडे पोथ्या होत्या. पोथी कुणीतरी मागितली की लिहिली जायची. कुणी स्वतः नक्कल करून घ्यायचा, कुणी लेखनिकाला बसवायचा. माळ्यावर न खपलेल्या ज्ञानेश्वरीच्या तीनशे प्रती पडून आहेत असं कधी कुणाचं झालं नसेल. १८०५ मध्ये विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण सेरामपूरला छापलं गेलं, १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापलं, आणि हळूहळू ‘आवृत्ती’ हा शब्द आपल्या अंगवळणी पडला. आवृत्ती म्हणजे आधी छापायचं आणि मग वाचक शोधायचा.

यातून वाट काढायचे प्रयत्न बरेच झाले. जुन्या पुस्तकांच्या शेवटी आगाऊ वर्गणीदारांची यादी असते ना, तो त्यातलाच एक. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तर ज्ञानकोशासाठी चक्क कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव ग्राहक मिळवले आणि २३ खंड पुरे केले. पण हे प्रत्येकाला थोडंच जमणार? आणि पाचशे प्रती निघाल्या म्हणजे पुस्तक वाचलं असंही नाही. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. पुढे ते पुस्तक लोकांच्या विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं १९७५ मध्ये, म्हणजे ९३ वर्षांनी. कुणीतरी कुठेतरी एखादी प्रत सांभाळली होती म्हणून हे शक्य झालं. छापणाऱ्याइतकेच आपण त्या सांभाळणाऱ्याचेही ऋणी आहोत.

आता उडी थेट अमेरिकेत, कारण अंदाजाची ही अट तिथल्या यंत्रांनी मोडली. १९९० मध्ये झेरॉक्स कंपनीनं डॉक्युटेक नावाचं यंत्र आणलं. मिनिटाला १३५ पानं, आणि तीही सरळ कॉम्प्युटरमधल्या फाइलवरून. ना खिळे, ना प्लेट. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत, दोन्हींचा खर्च जवळपास सारखाच. १९९७ मध्ये इन्ग्रॅम या पुस्तकांच्या बड्या वितरकानं टेनेसी राज्यात याच तत्त्वावर मागणीनुसार पुस्तकं छापायचा वेगळा उद्योग सुरू केला. २००२ मध्ये बॉब यंग यांनी (लिनक्सवाल्या रेड हॅटच्या संस्थापकांपैकी एक) लुलू काढलं. आता लेखकानं घरबसल्या फाइल चढवायची, मुखपृष्ठ निवडायचं, किंमत ठरवायची. ग्राहकानं ऑर्डर दिली की एक प्रत छापली जाणार.

ई-पुस्तकांचं दार उघडलं नोव्हेंबर २००७ मध्ये, किंडलबरोबर. त्यासाठी लेखकांना फाइल चढवायची जी सोय ॲमेझॉननं दिली तिचं पहिलं नाव ‘डिजिटल टेक्स्ट प्लॅटफॉर्म’, म्हणजे डीटीपी! आपल्याकडे डीटीपी म्हणजे अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचं एखादं दुकान आणि प्रुफं घेऊन केलेल्या चकरा. (२०११ मध्ये नाव बदलून ते केडीपी झालं.) २०१० मध्ये तिथे लेखकाचा वाटा ७० टक्क्यांपर्यंत गेला, अर्थात पुस्तकाची किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या मध्ये असेल तरच. अँडी वेअरचं ‘द मार्शियन’ आधी त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर क्रमशः आलं, मग त्यानं ते ९९ सेंटला किंडलवर ठेवलं, आणि मोठ्या प्रकाशकाचं छापील पुस्तक आलं २०१४ मध्ये. एरवी लेखक प्रकाशकाच्या पायऱ्या झिजवतो. इथे प्रकाशक त्याच्याकडे आला.

भारतात २००८ मध्ये बंगळूरला अशीच एक सेवा सुरू झाली. नाव काय असावं? पोथी डॉट कॉम! कळत-नकळत किती नेमकं नाव.

मराठीला मात्र वेळ लागला, आणि त्याला कारण आपले फॉन्ट. डीटीपीच्या जमान्यात प्रत्येक फॉन्टची स्वतःची सांकेतिक लिपी होती. तोच फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की ‘श्रीगणेशा’च्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसायचा. कागदावर छापायला ते चालून गेलं, पण ई-पुस्तकाला युनिकोड लागतं. त्यामुळे एकदा टाइप झालेली कितीतरी पुस्तकं पुन्हा टाइप करायची किंवा रूपांतर करून तपासायची पाळी आली. किंडलवर मराठी पुस्तकं आली डिसेंबर २०१६ मध्ये.

आता आमच्या पुस्तकाबद्दल. डोंबिवलीच्या आत्याकडे एकच प्रत शिल्लक होती. तिचे फोटो काढून ओसीआर केलं. कॉम्प्युटरला ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यातला फरक कळेना. सगळी घरं ‘धरं’ झाली! तीन आठवडे रोज रात्री तेच काम. फाइल चढवताना पडद्यावर प्रश्न आला, या मजकुराचे हक्क तुमच्याकडे आहेत का? नुसतं टिक करायचं होतं, पण हात थांबला. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. अण्णांच्या पुस्तकाचा ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत, आणि तो एकट्या माझा नाही, सगळ्या वारसांचा. म्हणून तुम्हा सगळ्यांना ती लांबलचक मेल गेली. सगळ्यांनी ‘हो’ कळवलं, दोघांनी फोनवर रडून. त्यानंतरच टिक केलं.

एक अडचण उरली होती. आत्याच्या प्रतीतून एका फर्म्याची मधली जोडपानं, ३९ ते ४२, निखळलेली होती, आणि नेमकी त्यातच खालच्या आळीतल्या घरांची यादी. ती पानं मिळाली ठाणे जिल्ह्यातल्या एका पुनर्वसित वसाहतीत. तिथल्या एका गृहस्थांच्या आजीनं अण्णांचं पुस्तक देवघरात, इतर पोथ्यांबरोबर फडक्यात बांधून ठेवलं होतं. त्या स्वतः निरक्षर होत्या. सणासुदीला नातवाकडून आपल्या घराचं पान वाचून घ्यायच्या.

हे ऐकल्यापासून मला एक धास्ती वाटते. आता छपाई सोपी झाली, पण सांभाळणार कोण? ॲमेझॉनची क्रिएटस्पेस ही छपाईची सेवा २०१८ मध्ये केडीपीत विलीन झाली. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. लोकांना पैसे परत मिळाले, पण घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. उद्या आपली फाइल जिथे आहे ती सेवा बंद पडली तर? ऑर्डर आल्याशिवाय प्रत निघत नाही, म्हणजे कुणीच मागितली नाही तर जगात प्रतच नाही. माळ्यावरच्या ट्रंकांना आम्ही हसायचो खरं, पण त्या ट्रंका होत्या म्हणून आत्याकडे एक तरी प्रत उरली.

म्हणून मी काही प्रती मुद्दाम छापून घेतल्या. आयएसबीएन आपल्याकडे दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो, तो घेतला. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना (मुंबई, चेन्नई, दिल्ली) प्रत पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणारे बरेच जण हे करत नाहीत. ब्लॉगर मित्रांनो, तुमच्यापैकी जे कुणी आपल्या लेखांचं पुस्तक काढायच्या विचारात आहेत त्यांनी हे अवश्य करा. टपालखर्च फार येत नाही.

पोथीचा आणखी एक गुण या पद्धतीत परत आलाय. तो चांगला की वाईट ते मला अजून ठरवता येत नाही. पाठभेद! नकला करता करता मजकूर बदलायचा, म्हणून तर एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. मी गेल्या महिन्यात एका विहिरीचं नाव दुरुस्त केलं. त्याआधी ज्यांनी प्रती घेतल्या त्यांच्याकडे ती विहीर चुकीच्याच नावानं आहे. आता आतल्या पानावर फाइलची तारीख छापतो.

आणि म्हणूनच नातेवाइकांना एक विनंती. अण्णांनी गावाचा हातानं काढलेला नकाशा पुस्तकात घालायचा होता. ब्लॉकचा खर्च परवडेना म्हणून राहिला, असं आत्या सांगते. तो कुणाच्या तरी ट्रंकेत, जुन्या कागदांत असणार. प्लीज शोधा. ब्लॉक आता लागत नाही. सापडला की पुढची जी प्रत छापली जाईल तिच्यात तो असेल.