जोत्याचा दगड

परवा नातवाला घेऊन शनिवारवाड्यात गेले होते. "आजी, वाडा कुठाय?" हा त्याचा पहिला प्रश्न. बरोबरच आहे म्हणा! आत नुसती जोती.

१० जानेवारी १७३० ला पायाभरणी, १७३२ मध्ये वास्तुशांत. सागवान जुन्नरच्या जंगलातलं, चुना जेजुरीचा आणि दगड इथल्याच, चिंचवडच्या खाणींतला. फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली, ती सात दिवस धुमसत होती. आतलं लाकूडकाम गेलं, काळा पाषाण राहिला. (सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हाच तो, त्याला आगीचं काय!) कुठे दालन होतं, कुठे चौक, हे आज त्या जोत्यांवरूनच कळतं.

आमचा पेठेतला वाडा पाडला तेव्हा खांब, तुळया जुन्या लाकूडवाल्याने मोजून नेल्या. जोत्याचे घडीव दगड मात्र राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये गेले. पाथरवटाने टाकीने एकेक कड साधलेली, पण त्यांची किंमत कुणी विचारलीसुद्धा नाही. मी हट्टाने दारातली एक पायरी ठेवून घेतली, मधोमध झिजलेली. ती आता सोसायटीत तुळशीपाशी आहे. नातू तिच्यावर बसून बूट घालतो.