अतिचंचलता विकारावरील औषधे आणि मुलांची दृष्टी

अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणजेच एडीएचडी या विकारावरील औषधांमुळे काही मुलांच्या दृष्टीवर परिणाम होऊ शकतो. बहुतेक मुलांना असा त्रास होत नाही. तो झाल्यास जवळचे अंधुक दिसणे, डोळ्याची बाहुली विस्फारणे आणि प्रखर उजेड सहन न होणे ही लक्षणे आढळतात.

कारणे

भारतात या विकारासाठी प्रामुख्याने मिथाइलफेनिडेट व ॲटोमॉक्सेटिन ही औषधे वापरली जातात. दोन्हींमुळे शरीरातील नॉरॲड्रेनलिनचा प्रभाव वाढतो. त्यामुळे परितारिकेचा प्रसारक स्नायू आकुंचन पावून बाहुली मोठी होते, तर जवळच्या वस्तूवर दृष्टी स्थिर करण्याची क्रिया, म्हणजे समायोजन, मंदावू शकते. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाणाऱ्या जळगाव-भुसावळ परिसरात विस्फारलेल्या बाहुलीच्या मुलाला दुपारचे ऊन अधिक जाचते, हे ओघाने आले. नेत्रगोलाचा अग्रकोन मुळातच अरुंद असल्यास बाहुली मोठी झाल्याने तो बंद होऊन डोळ्यातील दाब एकाएकी वाढू शकतो. मुलांमध्ये हे अत्यंत दुर्मीळ आहे. तथापि अरुंद-कोन काचबिंदू असलेल्यांना ॲटोमॉक्सेटिन देत नाहीत. डोळा तीव्र दुखणे, लाल होणे, दिव्याभोवती वलये दिसणे व उलट्या होणे ही त्याची लक्षणे असून अशा वेळी तातडीच्या उपचाराची गरज असते.

निदानातील गोंधळ

अधिक व्यापक अडचण वेगळीच आहे. फळा नीट न दिसणारे किंवा वाचताना डोळे शिणणारे मूल चुळबुळ करते, ओळ गाळते, अभ्यास अर्धवट सोडते. हीच वर्तणूक एडीएचडीतही दिसते. अमेरिकेतील डेव्हिड ग्रॅनेट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अभिसरण-न्यूनता, म्हणजे जवळ पाहताना दोन्ही डोळे एकत्र न वळणे, आणि एडीएचडी यांचा संबंध नोंदवला. एकामुळे दुसरे होते असे त्यातून सिद्ध होत नाही. सहा मीटरवरील अक्षरतक्त्याने हा दोष कळत नाही, दूरदृष्टिदोषही अनेकदा निसटतो. त्यामुळे जवळच्या दृष्टीची तपासणी औषध सुरू करण्यापूर्वी झालेली असल्यास नंतरच्या तक्रारीचा उलगडा सोपा होतो.

खानदेशातील सोयी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी करतात; दृष्टिदोष व एडीएचडी हे दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. पुढील तपासणीसाठी धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर जळगावात २०१८ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या एक्स अनुसूचीत असल्याने विशेष परवाना असलेल्या दुकानातच मिळते. साहजिकच, अंधुक दिसते म्हणून पालकांनी गोळ्या परस्पर थांबवण्याऐवजी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवणे इष्ट ठरते; मात्रा कमी केल्याने किंवा औषध बदलल्याने त्रास बहुधा ओसरतो.