कुपीची कुळकथा

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड येथील एखाद्या कारखान्यात नोकरीस रुजू होणाऱ्या उमेदवाराच्या हाती वैद्यकीय तपासणीच्या दिवशी जी लहानशी प्लॅस्टिकची बाटली ठेवली जाते, आणि जी घेऊन तो काहीशा ओशाळ्या चेहऱ्याने पडद्याआड जातो, तिचे कुळ तिच्या रूपावरून वाटते त्याहून पुष्कळच जुने आहे. नाशकातच, म्हसरूळ येथे, 1998 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आयुर्वेद, युनानी आणि आधुनिक वैद्यक अशी तीन घराणी एकत्र नांदतात. आणि या तिन्ही घराण्यांत ही बाटली निरनिराळ्या रूपांनी वावरलेली आहे. योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षेत मूत्रपरीक्षेचे स्थान नाडीच्या लगत आहे: पहाटे पात्रात धरलेल्या मूत्रावर तिळाच्या तेलाचा थेंब सोडावा, तो पसरला तर व्याधी साध्य, जागीच थबकला तर कष्टसाध्य आणि बुडाला तर असाध्य समजावा. हकिमांच्या बोलीत तर 'कारूरा' हे मूळ कुपीचे अरबी नावच आतल्या द्रव्याला चिकटून बसले. वैद्य असो वा हकीम, कुपीने रोग्याच्या वतीने बोलावे एवढीच दोघांची अपेक्षा होती; त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी तिला कोणी पाचारण केले नव्हते.

दुसरी शाखा बलवर्धनाची. सुश्रुताच्या वाजीकरणप्रकरणात बोकडाच्या अंडांसह सिद्ध केलेल्या दुधाचा प्रयोग आहे. आणि तोच मोह 1889 साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या 72 वर्षांच्या विख्यात शरीरशास्त्रज्ञाला झाला, तेव्हा त्याने कुत्रे आणि गिनीपिग यांच्या अंडग्रंथींचा अर्क स्वतःला टोचून घेतला व आपले तारुण्य परतल्याचे विद्वत्सभेत निःसंकोच सांगितले. पुढे 1931 साली ब्युटेनांट या जर्मन रसायनज्ञाने पौरुषाचे द्रव्य शोधण्यासाठी बर्लिनच्या पोलीस शिपायांकडून सुमारे 15,000 लिटर मूत्र जमा केले, आणि या महासागरातून त्याच्या पदरी अँड्रोस्टेरॉन नावाचे अवघे 15 मिलिग्रॅम द्रव्य पडले. 1935 साली ॲमस्टरडॅम येथे लाकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बैलांच्या अंडग्रंथींतून टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी ब्युटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत घडवलेही. अशा रीतीने, आज ज्या कुपीतून संप्रेरकाची चोरी पकडतात, त्या कुपीतूनच, आणि तीही सरकारी गणवेशातल्या नोकरदारांच्या, त्या कुळाचा मूळ पुरुष बाहेर आला होता.

क्रीडाक्षेत्रात या कुळातल्या कृत्रिम द्रव्यांवर 1975 साली बंदी आली आणि 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून त्यांचा तपास सुरू झाला. टेस्टोस्टेरॉन मात्र शरीर स्वतःच बनवते, मग घरचे कोणते आणि बाहेरचे कोणते हे ओळखावे कसे? कोलोनच्या डोनिके या रसायनज्ञाने त्याच्याच जोडीच्या, परंतु निष्क्रिय अशा, एपिटेस्टोस्टेरॉनशी त्याचे प्रमाण ताडून पाहण्याची युक्ती काढली, आणि हे प्रमाण सहापटीच्या वर गेले की संशय धरू लागले.

नोकरीच्या जागी कुपी आली ती निराळ्या वाटेने. 1981 साली 'निमिट्झ' या अमेरिकी युद्धनौकेवर विमान कोसळून मृत्यू पावलेल्यांपैकी काहींच्या देहांत गांजाचा अंश आढळला आणि नौदलाने सरसकट मूत्रतपासणी आरंभिली. 1986 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या फर्मानाने ती संघराज्याच्या दप्तरांत शिरली. त्या तपासणीचा थाट पंचनाम्याचा असतो: संडासाच्या टाकीत निळा रंग, कुपीच्या अंगावर उष्णता दाखवणारी पट्टी, आणि तोंडावर मोहोर. आपल्याकडेही 31 जानेवारी 2022 पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांची अशी आकस्मिक तपासणी सुरू झाली. तिच्या यादीत गांजा, कोकेन, अफूजन्य द्रव्ये, ॲम्फेटामिन, बार्बिट्युरेट आणि बेंझोडायझेपिन ही नावे आहेत. टेस्टोस्टेरॉनचे नाव नाही. कुपी ही अशी साक्षीदार आहे की जेवढे विचारावे तेवढेच ती सांगते.

याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. असे समजा की कारखान्याच्या तपासणीत बिनदिक्कत उत्तीर्ण झालेला, भरदार दंडांचा एक तरुण मूल होत नाही म्हणून पत्नीसह डॉक्टरांपुढे बसला आहे. "काही औषधं चालू आहेत का?" "नाही, डॉक्टर." पत्नीच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, पैसा जातो, तिच्यात दोष निघत नाही. मग त्याचा अहवाल येतो: शुक्राणू जवळजवळ नाहीत, रक्त दाट, हितकारक कोलेस्टेरॉल तळाला. तेव्हा कुठे तो खाली पाहून पुटपुटतो, "जिममधले सर देतात ते इंजेक्शन... पण ते औषध थोडंच आहे?" बाहेरून मिळणारे संप्रेरक पाहून मेंदूतील पीयूषिका ग्रंथी आपला हुकूम थांबवते, आणि हुकूम न मिळाल्याने अंडग्रंथी काम सोडून आक्रसतात, एवढे साधे कारण एका वाक्याच्या अभावी महिनोन्‌महिने झाकलेले राहते, आणि त्या अवधीतला बोल पत्नीला लागतो.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, औषध आणि परिचारक यांच्या बरोबरीने रोग्यालाही एक पाद मानले आणि त्याचे चार गुण सांगितले: स्मृती, आज्ञापालन, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपल्या व्याधीची कैफियत सांगता येणे. आणि ते अभीरुत्वाच्या शेजारी यावे हे मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण ज्याला भय आहे त्याची स्मृती शाबूत असली तरी वाचा बसते. त्या तरुणाने अशाच एका पडद्याआड, एका पांढऱ्या कोटासमोर, आधी मालकासाठी कुपी भरलेली असते; पुढे दुसऱ्या पांढऱ्या कोटाने विचारलेला प्रश्नही त्याला मालकाचाच वाटला तर दोष एकट्या त्याचा नाही. रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनी डॉक्टरांवर घातलेले आहेच. पण ते नियमांच्या पुस्तकात राहून चालत नाही, प्रश्नाच्या आधी उच्चारावे लागते. "हे मी कारखान्यासाठी विचारत नाही, तुमच्यासाठी विचारतो," एवढे वाक्य डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत म्हटले असते, तर सोनोग्राफीच्या रांगेत बसण्याची पाळी त्या पत्नीवर बहुधा आली नसती.